वादळ कुणाचं ऐकतं? बायबलमधला देव आणि निसर्ग

पाणवठा (धागाकर्ती)

नमस्कार मंडळी.

कुठेही भूकंप झाला, पूर आला की दोन वाक्यं हमखास कानावर येतात. एक, "ही देवाने केलेली शिक्षा." दुसरं, "देव असता तर असं झालं असतं का?" गंमत म्हणजे दोन्ही गट अडले की बायबलकडेच धावतात. म्हणून हा धागा. निसर्गावर देवाची सत्ता आहे असं बायबल म्हणतं, म्हणजे नेमकं काय म्हणतं?

माझं मत आधीच सांगून टाकते, म्हणजे भांडायला सोयीचं पडेल. सत्तेचा दावा करताना हा ग्रंथ कुठेही हात आखडता घेत नाही. वारा, गारा, टोळ, मासा, किडा, सगळे हुकमाचे ताबेदार. पण त्याच दाव्याच्या जोरावर कुणी "अमक्याचं घर पडलं म्हणजे अमका पापी" असं म्हणायला लागला, की त्याला सगळ्यात कडक झापतो तोही हाच ग्रंथ.

थोडी पार्श्वभूमी. बायबलमधल्या 'अनुवाद' नावाच्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायात मोशे आपल्या इस्राएली लोकांना मिसर (इजिप्त) आणि कनान ह्यांतला फरक सांगतो. मिसरात तुम्ही बी पेरून भाजीच्या मळ्यासारखं पायाने पाणी देत होता; आता जिथे निघालाय तो डोंगरदऱ्यांचा देश आकाशातून पडेल तेवढंच पाणी पितो. मिसरला नाईल होती, तिचा दरवर्षीचा पूर होता. कनानात तशी नदी नाही. पाऊस ऑक्टोबर-नोव्हेंबरात सुरू होतो, एप्रिलपर्यंत आटोपतो आणि उन्हाळा पार कोरडा जातो. बायबलमध्ये सारखा भेटणारा 'आगोटीचा आणि वळवाचा पाऊस' म्हणजे ह्या मोसमाची दोन टोकं. पहिला चुकला तर पेरणी अडते, शेवटचा चुकला तर दाणा भरत नाही. अशा ठिकाणी पाऊस कोणाच्या हातात, हा पोटाचा प्रश्न होता.

शेजाऱ्यांकडे उत्तर तयार होतं: बआल, वादळपावसाचा देव. १९२८ साली सीरियाच्या किनाऱ्यावर एका शेतकऱ्याचा नांगर जुन्या थडग्याला अडकला. पुढच्या वर्षी तिथे खोदकाम सुरू झालं आणि उगारित हे शहर, त्याच्या मातीच्या पाट्यांसकट, वर आलं. त्या पाट्यांतला बआल ढगांवर स्वार होतो, समुद्राचा देव याम ह्याला लढाईत हरवतो, मग मृत्यूचा देव मोत त्याला गिळतो आणि जमीन सुकते. बआल परतणार ह्याची खूण स्वप्नात दिसते ती अशी, की आकाशातून तेल बरसतंय आणि ओढे मधाने वाहताहेत.

हे डोक्यात ठेवून एलीया ह्या संदेष्ट्याची गोष्ट वाचा. इस्राएलच्या अहाब राजाची राणी ईजबेल सीदोनची, बआलाची कट्टर भक्त. एलीया राजासमोर उभा राहून सांगतो, मी म्हणेन तोवर पाऊस नाही, दवसुद्धा नाही. म्हणजे घाव बरोबर बआलाच्या खात्यावर. पुढे कर्मेल डोंगरावर पैज लागते, ज्याचा देव वेदीवर आग पाडेल तो खरा. बआलाचे ४५० संदेष्टे सकाळपासून घसा फोडतात आणि एलीया त्यांना डिवचतो, मोठ्याने हाका मारा, विचारात गढला असेल, प्रवासाला गेला असेल, झोपला असेल तर उठवा! शेवटी आग पडते ती परमेश्वराची. मग तो नोकराला समुद्राकडे बघायला पाठवतो, एकदा, दोनदा, सात वेळा. सातव्या खेपेला माणसाच्या तळहाताएवढा ढग दिसतो.

इथपर्यंत सगळं 'आमचा देव तुमच्या देवापेक्षा भारी' असंच आहे. पण पुढच्याच अध्यायात एलीया जीव मुठीत धरून होरेब डोंगरावर पळालेला असतो. तिथे खडक फोडणारा वारा येतो, परमेश्वर वाऱ्यात नसतो. भूकंप होतो, त्यातही नसतो. आगीतही नसतो. मग एक शांत, मंद वाणी. नुकतीच ज्याने आग आणि पाऊस दोन्ही पाठवले, तो स्वतः त्यांत सापडत नाही. बआल म्हणजे वादळच. हा देव वादळाचा मालक आहे, आणि हा फरक पुढच्या सगळ्या चर्चेत लागणार आहे.

आता ईयोब, म्हणजे निर्दोष असून सगळं गमावलेल्या माणसाचं पुस्तक. माझ्या मते ह्या विषयाचा कळस इथे आहे. ईयोबाची दहा मुलं ज्या घरात जेवत होती त्याच्या चारी कोपऱ्यांवर रानाकडून आलेला सोसाट्याचा वारा आदळला आणि घर पडलं. मित्र येतात, सात दिवस गप्प बसतात (तेवढंच त्यांचं शहाणपण), मग तोंड उघडतात आणि अध्यायच्या अध्याय एकच सांगतात, तू काहीतरी केलं असणार. वाचकाला पहिल्या ओळीपासून ठाऊक असतं की त्याने काही केलेलं नाही.

आणि देव बोलतो तो वावटळीतून! मुलं वाऱ्याने गेली त्या बापाशी वाऱ्यातून. अडतीस ते एकेचाळीस ह्या अध्यायांत तो मुलांबद्दल एक अक्षर काढत नाही. विचारतो, समुद्र गर्भातून फुटून बाहेर आला तेव्हा त्याला दारं कुणी लावली? ढगांचं वस्त्र आणि दाट काळोखाचं बाळंतं त्याला कुणी गुंडाळलं? इथवर ये, ह्यापुढे नाही, असं त्याला कुणी बजावलं? लक्षात घ्या, उगारितमध्ये ज्या समुद्राला मारण्यासाठी देवाला गदा घ्यावी लागते, तो इथे दुपट्यात बांधलेलं तान्हं मूल आहे.

मग एक ओळ येते जिच्यावर मी अडकले. जिथे माणूस नाही, जिथे कुणीही राहत नाही, त्या ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो? पाऊस ह्या गोष्टीला आयुष्यभर आपण बक्षीस किंवा शिक्षा समजत आलो, आणि इथे देव सांगतो की बराचसा पाऊस तुमच्याबद्दल नाहीच.

शेवटी देव रागावतो तो मित्रांवर. ईयोब माझ्याविषयी नीट बोलला, तुम्ही बोलला नाहीत, असं म्हणतो. देवाची बाजू घेऊन बोलणारे चुकले, देवाशी भांडणारा पास झाला.

नव्या कराराबद्दल (बायबलचा येशूपासूनचा भाग) प्रतिसादांत लिहीन. चर्चा ग्रंथाला धरून व्हावी, धर्मांतर, राजकारण वगैरे इथे नको, ही विनंती.

---

शून्यप्रहर

पहिला! खुर्ची टाकून बसलोय. पाणवठाताई, ओळी सुटसुटीत झाल्यात. वाचनखूण साठवली आहे.

---

तिरकस_रेघ

लेख छान, पण निवड सोयीची आहे. तुम्ही ईयोब उचलला कारण तो तुमच्या बाजूने बोलतो. आमोस ह्या संदेष्ट्याच्या पुस्तकाचा चौथा अध्याय काढा. तिथे देव स्पष्ट म्हणतो की कापणीला तीन महिने असताना मी पाऊस आवरला, एका नगरावर पाडला, दुसऱ्यावर पाडला नाही, तरी तुम्ही माझ्याकडे वळला नाहीत. अनुवादाचा अठ्ठाविसावा अध्याय काढा, आज्ञा मोडल्या तर डोक्यावरचं आकाश पितळेचं होईल असं लिहिलंय. नोहाचा जलप्रलय आहे, मिसरवरच्या दहा पीडा आहेत. 'संकट म्हणजे शिक्षा' हे सूत्र ह्याच ग्रंथाने शिकवलं आणि एका पुस्तकात त्याला अपवाद केला.

दुसरं. ईयोबाचं घर पाडणारा वारा कुणाचा? गोष्टीत सैतान परवानगी मागतो आणि देव देतो. परवानगी दिली म्हणजे हात झटकले का? चावी मालकाकडेच होती ना?

---

पाणवठा

तिरकस, आमोस मी मुद्दाम गाळला नाही, पण बरं झालं काढलात. तीन गोष्टी दिसतात मला.

आमोस बोलतो ते कुणाला? चौथ्या अध्यायाची पहिली ओळ बघा. शोमरोन ह्या इस्राएलच्या राजधानीतल्या खाऊनपिऊन सुखी बायकांना, ज्या गरिबांना रगडतात आणि नवऱ्यांना म्हणतात, आणा, आपण पिऊ. म्हणजे संदेष्टा समोरच्या सुस्थित माणसाला त्याच्या तोंडावर सांगतो. पडक्या घरासमोर रडत बसलेल्याला सांगत नाही. शिवाय आमोस स्वतः यहूदातला मेंढपाळ, दुष्काळ पडला तर त्याचीही मेंढरं मरणार.

दुसरं, हे सूत्र उलट चालवता येत नाही. 'आज्ञा मोडलीत तर पाऊस आवरीन' ह्यावरून 'पाऊस आवरला म्हणजे आज्ञा मोडली' असं निघत नाही. ईयोबाचे मित्र नेमकं हेच करतात.

तिसरं, येशूला हाच प्रश्न आलाय. लूकचं शुभवर्तमान, तेरावा अध्याय. शिलोहाचा बुरूज पडून अठरा माणसं मेली होती. येशू विचारतो, ती यरुशलेमेतल्या बाकीच्यांपेक्षा जास्त अपराधी होती असं वाटतं तुम्हाला? आणि स्वतःच उत्तर देतो, नाही. पण तो तिथे थांबत नाही, तुम्ही पश्चात्ताप केला नाही तर तुमचाही तसाच नाश होईल असं म्हणतो. मेलेल्यांचा निवाडा करायला बसलेल्यांना उचलून आरोपीच्या पिंजऱ्यात उभं करतो!

परवानगीबद्दल तुमचं म्हणणं मान्य. ईयोबालाही मान्य होतं. त्याला सैतानाचा पत्ताच नाही, तो म्हणतो, परमेश्वराने दिलं, परमेश्वराने नेलं. ग्रंथ देवाला मोकळा सोडत नाही आणि मीही सोडणार नाही.

---

हवामानवेडा

धर्मशास्त्रात मला गती नाही, पण आमच्या खात्याचा विषय निघालाय तर बोलतो.

स्तोत्र २९ वाचा. ते वादळाचा मार्ग दाखवणारा नकाशा आहे. गर्जना आधी समुद्रावर होते, मग लबानोनचे गंधसरू मोडतात, मग हर्मोन पर्वत वासरासारखा उड्या मारतो, मग विजा आणि शेवटी कादेशचं रान थरथरतं. भूमध्य समुद्रावरून हिवाळी वादळ आत येतं ते असंच, पश्चिमेकडून पूर्वेकडे. 'परमेश्वराची वाणी' हे शब्द सात वेळा येतात, गडगडाटासारखे, एकामागून एक. ज्याने लिहिलं त्याने वादळ उघड्यावर उभं राहून पाहिलेलं आहे, हे मी पैजेवर सांगतो.

आता येशूने वादळ शांत केल्याची गोष्ट. ती घडते तो गालीलचा समुद्र म्हणजे खरं तर गोड्या पाण्याचं सरोवर. लांबी साधारण २१ किलोमीटर, रुंदी जास्तीत जास्त १३. त्याचा पृष्ठभाग समुद्रसपाटीच्या २०० मीटरहून खाली आहे. चहूकडे चढ, पूर्वेला गोलानचं पठार. खाली दमट गरम हवा साचते, वरून थंड हवा दऱ्यांतून घसरत येते, आणि आरशासारखं पाणी बघता बघता खवळतं. १९८६ साली दुष्काळाने पाणी ओसरलं तेव्हा ह्याच सरोवराच्या गाळात पहिल्या शतकाच्या आसपासची एक नाव मिळाली, जेमतेम ८ मीटर लांब आणि सव्वादोन मीटर रुंद. अशा नावेत बारा-तेरा माणसं आणि वर लाटा. शिष्य घाबरले त्यात नवल नाही. त्यांच्यात कोळी होते, ते सरोवर त्यांच्या पायाखालचं होतं, आणि तेच ओरडले. म्हणजे वादळ तसंच असणार.

---

पाणवठा

>> ज्याने लिहिलं त्याने वादळ उघड्यावर उभं राहून पाहिलेलं आहे

हवामानवेडा, दंडवत घ्या.

ही गोष्ट मार्कच्या शुभवर्तमानाच्या चौथ्या अध्यायात आहे, तिच्याबद्दल दोन बारकावे माझ्याकडून. येशू नावेच्या मागच्या भागात उशीवर डोकं ठेवून झोपलाय. कर्मेलवर एलीयाने बआलाची ज्यावरून टर उडवली, 'झोपला असेल, उठवा', तेच इथे शिष्य खरोखर करतात! आणि त्यांचा प्रश्न 'वाचवा' असा नाही, 'आम्ही बुडतोय ह्याची तुम्हाला काळजी नाही का' असा आहे. थेट ईयोबाचा प्रश्न. तो उठतो, वाऱ्याला दटावतो, समुद्राला गप्प करतो. आणि मग शिष्य आधीपेक्षा जास्त घाबरतात. वादळाची भीती ओळखीची होती. हा कोण, ह्याचं उत्तर त्यांना लहानपणापासून पाठ असलेल्या स्तोत्रांत होतं (१०७ वं बघा: खलाशी दारुड्यासारखे झोकांड्या खातात, परमेश्वर वादळ शमवतो) आणि ते उत्तर समोर ओल्या कपड्यांत उभं होतं.

दुसरा बारकावा: मार्क जाता जाता म्हणतो की बरोबर आणखी नावा होत्या. पुढे त्यांचा उल्लेखच नाही. त्यांनी कुणाला उठवलं नाही, काही मागितलं नाही, पण पाणी त्यांच्यासाठीही शांत झालंच की.

---

बोलका_दगड

हे सगळं ठीक आहे पण तुमच्या देवाने मागच्या वर्षी

(संपादित. धाग्याच्या विषयाशी संबंध नसलेला मजकूर काढून टाकला आहे. – संपादक मंडळ)

---

जुना_वाचक

चर्चा चांगल्या वळणावर आहे, म्हणून बऱ्याच दिवसांनी लिहितो आहे. मी श्रद्धावंत ख्रिस्ती आहे, हे आधी सांगणे प्रामाणिकपणाचे.

हवामानवेडा यांनी वाऱ्याचे कारण सांगितले. अनेकांना वाटते की कारण सापडले की देव बाहेर. बायबल स्वतः असे मानत नाही. निर्गम या पुस्तकाच्या दहाव्या अध्यायात मिसरवर टोळांची पीडा येते, ते टोळ येतात ते रात्रंदिवस वाहिलेल्या पूर्वेच्या वाऱ्याने आणि जातात ते पश्चिमेच्या वाऱ्याने. तांबडा समुद्र दुभंगला त्या प्रसंगीही रात्रभर पूर्वेचा जोरदार वारा वाहत होता, असे लिहिले आहे. लेखकाला वारा लपवावासा वाटलेला नाही. तेराव्या शतकात थॉमस अक्वायनस या धर्मपंडिताने याची रीतसर मांडणी केली: देव हे आद्य कारण, निसर्गातील शक्ती ही दुय्यम कारणे, आणि दोन्ही एकाच घटनेत आपापल्या परीने पूर्णपणे काम करतात. सोळाव्या शतकातील धर्मसुधारक कॅल्व्हिन इतका पुढे गेला, की देवाच्या निश्चित आज्ञेवाचून पावसाचा एक थेंबही पडत नाही, असे त्याने लिहिले. न्यूटनला वाटे की ग्रहांची घडी हळूहळू विस्कटेल आणि देवाला ती अधूनमधून सावरावी लागेल. त्यावर १७१५ मध्ये जर्मन तत्त्वज्ञ लायब्निझने टोला हाणला, की हा कसला कारागीर, ज्याला आपले घड्याळ वारंवार दुरुस्त करावे लागते! मला विचाराल तर दोघांचीही चित्रे तोकडी आहेत. बायबलच्या पहिल्या पुस्तकात, उत्पत्तीच्या आठव्या अध्यायात, नोहाच्या प्रलयानंतर वचन येते ते नियमिततेचे: पेरणी व कापणी, थंडी व ऊन, दिवस व रात्र थांबणार नाहीत. सूर्य रोज उगवतो, हेच तेथे देवाच्या सत्तेचे लक्षण आहे.

तिरकस यांच्या प्रश्नाकडे येतो. नव्या करारात वादळाची दुसरी मोठी गोष्ट आहे आणि प्रवचनांत ती क्वचित ऐकू येते. प्रेषितांची कृत्ये, सत्ताविसावा अध्याय. येशूचा प्रेषित पौल कैदी म्हणून रोमला चालला आहे. आलेक्सांद्रियाचे धान्याचे जहाज, त्यावर २७६ माणसे. उपवासाचा दिवस होऊन गेला आहे, म्हणजे शरद ऋतू लागला असून समुद्रप्रवास धोक्याचा झाला आहे. पौल सांगतो, पुढे जाऊ नका. त्याला नेणारा रोमन अधिकारी, शताधिपती, त्याच्यापेक्षा तांडेलावर आणि जहाजाच्या मालकावर विश्वास ठेवतो. मग वादळ गाठते. अनेक दिवस सूर्य दिसत नाही, तारे दिसत नाहीत. सामान फेकले जाते, सगळ्यांची आशा सुटते.

येथे पौल उभा राहून वाऱ्याला दटावत नाही. देवदूताने त्याला सांगितले आहे की जहाज जाईल पण एकही माणूस दगावणार नाही. म्हणजे शेवट ठरलेला आहे. तरीही चौदाव्या रात्री खलाशी खोली मोजायला बुळीद (दोरीला बांधलेले वजन) टाकतात, वीस वाव पाणी लागते, थोडे पुढे पंधरा वाव, आणि नांगर टाकण्याच्या मिषाने ते जहाजावरची छोटी होडी पाण्यात उतरवून पळू पाहतात, तेव्हा पौल शिपायांना म्हणतो, हे जहाजावर राहिले नाहीत तर तुम्ही वाचणार नाही. शिपाई होडीचे दोर कापून टाकतात. वचन मिळाले म्हणून खलाश्यांची गरज संपली नाही. दिवस उजाडायच्या सुमारास पौल सगळ्यांना चार घास खायला लावतो. जहाज वाळूत रुतून फुटते. कोणी पोहत, कोणी फळ्यांवर, असे सगळे मेलिता बेटाच्या किनाऱ्याला लागतात.

एका गोष्टीत समुद्र एका शब्दात शांत होतो, दुसऱ्या गोष्टीत शेवटपर्यंत होत नाही. प्रभू तोच, समुद्रही तोच म्हणा ना, भूमध्य काय आणि गालील काय. माझा अनुभव विचाराल तर आयुष्यात दुसरा प्रकार अधिक वेळा भेटतो.

---

शून्यप्रहर

वीस वाव, पंधरा वाव... अंगावर काटा आला. जुनेवाचक, तुम्ही वेगळा लेख का लिहीत नाही?

---

तिरकस_रेघ

जुनेवाचक, प्रतिसाद आवडला, विशेषतः खलाश्यांचा भाग. पण त्या जहाजावर सगळे वाचले म्हणून गोष्ट गोड लागते. पोर्तुगालमधल्या लिस्बनचं काय?

१ नोव्हेंबर १७५५. सर्व संतांचा सण, सकाळची वेळ, चर्च भरलेली. भूकंप झाला, त्यात चर्चची छतं कोसळली. लोक मोकळ्या जागेकडे, धक्क्याकडे पळाले, तिथे समुद्र आत आला. सणाच्या मेणबत्त्यांनी आणि चुलींनी पेट घेतला आणि शहर कित्येक दिवस जळत राहिलं. हजारो माणसं मेली. व्हॉल्तेर ह्या फ्रेंच लेखकाने कविता लिहून विचारलं, लंडन आणि पॅरिस काय कमी पापी होते? मालाग्रिडा नावाच्या जेझुइट (एक कॅथलिक संघ) पाद्र्याने पत्रक काढलं: हे तुमच्या पापांमुळेच झालं, नैसर्गिक कारणं सांगणारे लोकांची दिशाभूल करताहेत. म्हणजे ईयोबाचे मित्र अठराव्या शतकातही नोकरीवर होतेच. त्यांना हे कुठून सुचलं? बायबल वाचूनच ना? तुमचा ग्रंथ म्हणे असल्यांना झापतो. मग दोन हजार वर्षं हे लोक त्याच ग्रंथावर हात ठेवून बोलले कसे?

---

पाणवठा

वर्मी लागेल असा प्रश्न आहे. माझं उत्तर: कारण दोन्ही आवाज ग्रंथात आहेत आणि एलीफज, ईयोबाच्या त्या मित्रांपैकी एक, ऐकायला सोपा आहे. त्याची भाषणं तुकडे करून वाचली तर अतिशय धार्मिक वाटतात, भिंतीवर लावावीत अशी. पाप केलं नाहीस तर भिऊ नकोस, देव न्यायी आहे. चूक वाक्यात नाही, कुणाला आणि कधी म्हटलं ह्यात आहे. मालाग्रिडासारखे लोक ग्रंथातला एलीफज वाचतात आणि देव मित्रांवर रागावतो तो बेचाळिसावा अध्याय येण्याआधी पुस्तक मिटतात.

लिस्बनबद्दल तत्त्वज्ञ रूसोने व्हॉल्तेरला १७५६ मध्ये जे पत्र लिहिलं त्यातला मुद्दाही बघण्यासारखा आहे. सहा-सात मजल्यांची वीस हजार घरं एकाजागी निसर्गाने उभी केली नव्हती, असं तो म्हणाला. जर्मन तत्त्वज्ञ कांटने त्याच सुमारास भूकंपाची भौतिक कारणं शोधायचा प्रयत्न केला, जमिनीखालच्या पोकळ्या वगैरे. कारण चुकीचं निघालं, पण दिशा बरोबर होती. मला वाटतं ईयोब ३८ वाचलेल्या माणसाला हे दोन्ही मार्ग मोकळे आहेत. भूकंप का होतो ते शोधा, घरं कशी बांधली ते तपासा. तिसरा मार्ग, म्हणजे ढिगाऱ्याखालच्या माणसाची पापं मोजणं, तेवढा बंद आहे.

---

रानवाटा

उशिरा आले. माणूस नसलेल्या रानावरचा पाऊस, ही ओळ मला पर्यावरणाच्या वादात हवी होती. १९६७ साली लिन व्हाइट ह्या इतिहासकाराने लेख लिहून पर्यावरणाच्या संकटाचं मूळ पाश्चात्त्य ख्रिस्ती विचारात आहे असं मांडलं, आणि उत्पत्तीच्या पहिल्या अध्यायातली 'पृथ्वी सत्तेखाली आणा' ही आज्ञा तेव्हापासून आरोपपत्राच्या पहिल्या पानावर आहे. पण मालक कोण हे लेवीय ह्या पुस्तकाच्या २५ व्या अध्यायात सरळ लिहिलंय: जमीन माझी आहे, तुम्ही माझ्याकडे उपरे म्हणून राहता. सातव्या वर्षी जमिनीला विसावा द्यायचा, आपोआप उगवेल ते गरिबांनी खायचं आणि उरलेलं रानच्या जनावरांनी. वेढा घातलेल्या शहराची फळझाडं तोडायची नाहीत. घरट्यातली पिल्लं घेतलीत तर आईला सोडून द्यायचं. राजा देव असेल तर माणूस फार तर कारभारी, आणि कारभाऱ्याला हिशोब द्यावा लागतो.

स्तोत्र १०४ मध्ये तर सिंहाची पिल्लं गर्जना करून देवाकडे भक्ष्य मागतात. माणूस सकाळी कामाला निघतो तेव्हा ती गुहेत परततात. रात्रपाळी आणि दिवसपाळी, बस्स!

---

बोलका_दगड

माझा प्रतिसाद का उडवला? असो. प्रश्न विचारतो. योनाला गिळणारा मासा कोणता होता?

---

हवामानवेडा

झालं, आला मासा. अहो, देवाने निनवे शहराला जायला सांगितल्यावर उलट दिशेला पळणाऱ्या योना ह्या संदेष्ट्याची ती गोष्ट, आणि त्या पुस्तकात माशाला जेमतेम तीन ओळी आहेत. देवाने नेमलेल्यांची यादी बघा: वादळ, मासा, एका रात्रीत वाढलेला वेल, वेल कुरतडणारा किडा, उन्हाची झळ आणणारा पूर्वेचा वारा. वादळाने ऐकलं, माशाने ऐकलं, किड्याने ऐकलं. ऐकत नाही तो एकटा संदेष्टा. त्यात विनोद आहे, आणि तो लिहिणाऱ्याला पक्का ठाऊक होता.

---

रानवाटा

+१. आणि शेवटची ओळ! निनवेत एक लाख वीस हजारांहून जास्त माणसं आहेत आणि पुष्कळ गुरंढोरंही आहेत, त्यांची मी कीव करू नये का? असा प्रश्न टाकून पुस्तक संपतं. शत्रूच्या राजधानीतल्या गुरांची काळजी.

---

तिरकस_रेघ

ईयोब ३८ ते ४१ सलग वाचून आलो. पटलं असं म्हणणार नाही. मुलं गेलेल्या बापाला रानबकरीची बाळंतपणं सांगणं मला अजूनही निष्ठुर वाटतं. पण शहामृगाच्या उताऱ्यावर थांबलो. ती अंडी जमिनीवर टाकते, कुणाचा पाय पडून फुटतील हे विसरते, कारण देवाने तिला अक्कल दिली नाही. हे देव स्वतः सांगतोय! आणि लगेच पुढे, पण ती पळायला लागली की घोडा आणि स्वार दोघांना हसते. स्वतःच्या निर्मितीतली खोट कौतुकाने दाखवणारा देव मला अपेक्षित नव्हता.

एक शंका. ४१ व्या अध्यायात लिव्याथान देवाचा लाडका राक्षस आहे. स्तोत्र १०४ मध्ये तो समुद्रात खेळतो. पण यशया २७ मध्ये देव त्याला तलवारीने मारणार आहे. ह्यातलं खरं कोणतं?

---

पाणवठा

तिन्ही. उगारितच्या पाट्यांतही ह्याच जातीचा, सात डोक्यांचा एक साप आहे, आणि बआलाने त्याला मारल्याचा उल्लेख येतो. तोच प्राणी इस्राएलाच्या कवींनी उचलला आणि प्रत्येकाने आपल्या कामाला लावला. यशया परक्या सत्तांखाली भरडल्या जाणाऱ्या लोकांशी बोलतोय, तिथे लिव्याथान म्हणजे ती सत्ता, आणि ती मरायलाच हवी. १०४ चा कवी पहाटेपासून रात्रीपर्यंत जग न्याहाळतोय, त्याला जहाजांच्या बाजूला पाण्यात उसळणारं काहीतरी प्रचंड दिसतं आणि तो म्हणतो, हे तू खेळायला केलंस. ईयोबात त्याला कुणी मारत नाही आणि तो कुणाच्या कामाचाही नाही. देव विचारतो, ह्याला गळाने ओढशील? तुझ्या पोरींसाठी दोरी बांधून ठेवशील?

ह्या शेवटच्या प्रश्नावर मीही अडखळते, कारण तेव्हा ईयोबाला एकही मुलगी उरलेली नाही. लिहिणाऱ्याच्या हे लक्षात नव्हतं असं मला वाटत नाही. जुनेवाचक, तुमचं काय मत?

---

जुना_वाचक

लक्षात होते. शेवटच्या अध्यायात ईयोबाला पुन्हा सात मुलगे आणि तीन मुली होतात. म्हणूनच तेथे मुलग्यांची नावे दिलेली नाहीत, पण तीन मुलींची दिली आहेत: यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. आणि बाप त्यांना भावांबरोबर वारसा देतो, जे त्या काळी रीतीला धरून नव्हते. पहिल्या दहांच्या जागी हे दहा आले असे मात्र मी कोणालाही सांगणार नाही. ग्रंथही तसे म्हणत नाही.

लिव्याथानावर बोलायचे तर वेगळा धागा काढा, पाणवठाताई. इथे पान उघडायला आता वेळ लागतो आहे.